सुईवर पोसलेला एडका

मी एक जुना एडका आहे. वयाने फार नाही, आतून जुना. ते कसं झालं, हेच तुम्हाला सांगायचं आहे, मित्रांनो.

ऐन भरात माझी मान कवेत मावत नसे. माझी कोकरं धट्टीकट्टी निघत आणि मालक गिऱ्हाइकासमोर माझ्या पाठीवर अशी थाप मारत, जणू मला त्यांनीच जन्म दिला होता. एका हंगामात मी जरा आळसावलो, तर मालकांनी कुठूनशी संप्रेरकाची सुई आणली. ती टोचली मात्र, वृषणातल्या पेशींना कामाचा हुकूम सुटला. मी असा उधळलो की कुंपणाची फळीच मोडली.

"औषध नाही, जादू आहे ही," मालक म्हणाले.

"मग तुम्हीच घ्या एक. सकाळी तुम्हाला उठवायला हलवून हलवून माझे हात दुखतात," मालकीण म्हणाली.

मालकांना गुण दिसला, पण थांबावं कुठे ते दिसलं नाही. मी थंडावलो की सुई. तिने भागेना की आणखी मोठी सुई. होता होता सुई टोचली तरी आत काही हलेना. मेंढ्या समोरून जात आणि मी गव्हाणीतून तोंड वर काढत नसे.

मालकांची थोरली बहीण जनावरांची डॉक्टर. तिने मला चाचपलं आणि ती मालकांकडे वळली.

"कधीपासून टोचतोयस?"

"गुण येत होता गं, ताई."

"अरे, बाहेरून सारखा हुकूम येत राहिला की आतल्या पेशी ऐकेनाशा होतात. स्वतःचं संप्रेरक बनवणं कमी करतात. राबून राबून खराब होतात, काही मरतात. तू तर हुकूमच वाढवत गेलास."

"मग आता?"

"सुई बंद. विसावा मिळाला तर काही पेशी सावरतील. सगळ्या नाही सावरणार."

"हंगाम तोंडावर आलाय, ताई."

"ते ह्याच्या पेशींना समजावून बघ," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

मित्रांनो, तुमच्या दारचं जनावर थकलं, तर ते का थकलं हे आधी विचारा. त्याला सावली द्या, चारा द्या, चार दिवस नुसतं पडू द्या. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून आमचं आटणं उशिरा कळतं.

ताईची गाडी आत्ताच फाटकाबाहेर पडली. मालक मेंढवाड्यात आलेत आणि दार त्यांनी आतून लावून घेतलंय.

"एवढी शेवटची हं, राजा," ते माझी मान दाबून म्हणताहेत.

मागच्या वेळचीही शेवटचीच होती.