हिरवं सोडायचा मंगळवार

सकाळी पुष्पांजलीनं दोन्ही म्हशींचं दूध काढलं. डेअरीचा कॅन भरला आणि चहापुरतं दूध पातेल्यात ठेवलं. तो चहा तिचा नवरा अविनाश पिणार होता. तिच्या बोटांवर फेस उडाला होता, तो तिनं पदराला पुसला. हात तोंडाजवळ गेला नाही. पाच वर्षांत तेवढं वळण लागलं होतं.

मोताळा तालुक्यातल्या त्या गावात नवस बोलताना नुसतं नारळ कबूल करून भागत नसे. काहीतरी सोडावं लागे. पुरुष तंबाखू सोडत आणि महिन्याभरात पुन्हा धरत. बाया ताटातलं सोडत, आणि बाईनं एकदा सोडलेलं तिच्या तोंडी पुन्हा येत नसे. पुष्पांजलीचा पहिला गर्भ गेला तेव्हा सासूनं, सोजराबाईनं, देवीपुढं तिला दूध सोडायला लावलं. दुसरा गेला तेव्हा दही-ताक सुटलं. तिसऱ्या वेळी लोणी-तूप. घर माळकरी, अंडं-मटण उंबऱ्याच्या आत यायचा प्रश्नच नव्हता. राहिली भाकर, वरण, भाज्या आणि ठेचा.

सोजराबाई दुष्ट नव्हती. अविनाश व्हावा म्हणून तिनं स्वतः बत्तीस वर्षांपूर्वी दूध सोडलं होतं. सुनेनं दही-ताक सोडलं, तेव्हा तिनंही सोडलं. "एकटीनं काऊन सोसावं पोरीनं," असं म्हणाली होती.

आता पुष्पांजलीला पुन्हा तिसरा महिना लागला होता.

"अवं पुष्पा, मंगळवारी भावकीतल्या बाया बोलावल्या मी," सोजराबाई ओट्यावर पाय चोळत म्हणाली. "या बारीनं हिरवं सोडू. मेथी, पालक, पोकळा, आंबाडी, सारं."

"आत्याबाई, मंग खाऊ काय?"

"पोटात लेकरू ठरलं म्हणजे तेच पोट भरते." सोजराबाई उठायला गेली आणि खांबाला धरून उभी राहिली. "पायात पाह्य कशा मुंग्या चालून राह्यल्या. सहा महिने झाले. देवी अंगात यायची असंन."

ती चालू लागली तेव्हा तिच्या एका पायातली चप्पल मागंच राहिली. तिला ते कळलं नाही. दाराशी जाऊन पुष्पांजलीनं दाखवलं तेव्हा कळलं.

दुपारी आरोग्यसेविका धम्मशीला आली. सोजराबाई दळण घेऊन गिरणीवर गेली होती. धम्मशीलेनंच हट्ट धरून पंधरा दिवसांपूर्वी पुष्पांजलीला बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं होतं. रक्ताचा कागद आज आला होता. ती चुलीजवळ पाटावर टेकली.

"होमोसिस्टीन. वाच बरं."

"अठ्ठेचाळीस."

"पंधराच्या आत पाह्यजे."

"हे काय असते ताई? विष?"

धम्मशीलेनं चुलीतली राख काडीनं उकरली. "चूल पेटली का राख होतेच. त्यात चुलीचा दोष नाही. आपण जेवतो, अन्न पचते, तशी रक्तातही एक राख होते. रोज होते. ती रोज काढणारे दोन हात असतात. एक हात म्हणजे बी-बारा. तो दूध, दही, अंडी, मटण-मासे याच्यातून येते. तुह्या घरी फक्त दूध. दुसरा हात फोलेट. तो हिरव्या भाजीतून, डाळीतून, शेंगदाण्यातून येते. आणखी एक बी-सहा मदतीले असते. हात नसले तर राख साचते. चुलीत साचली तर काय होते?"

"धूर कोंडते. जाळ धरत नाही."

"तसंच. नसांची आतली बाजू खरवडते, रक्ताच्या गुठळ्या व्हायला लागतात. पोटातली वार ज्या बारीक नसांतून लेकराले पोसते, त्याही बंद पडू शकतात."

पुष्पांजलीनं कागदावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "म्हंजे माझे तिन्ही..."

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिन्ही याच्यानंच गेले असं शपथेवर नाही सांगता येत. पण एक हात तुम्ही पहिलेच तोडला. मंगळवारी दुसरा तोडू नोका." तिनं सुई काढली. "डॉक्टरीणबाईंनी बी-बाराचं इंजेक्शन लिहून देल्लं. फोलिकची गोळी त्याच्या संगं. नुसती गोळी घेऊन बी-बारा राहू द्यायचं नाही. अंगातली खोट झाकल्या जाते अन् नसा आतून सुकत जातात. भाजी शिजवून पाणी फेकत जाऊ नको, अर्धं फोलेट त्यातच जाते. अन् सोजरामावशीले घेऊन ये दवाखान्यात. त्याहीचं पाय घासत चालणं मले बरं दिसत नाही."

संध्याकाळी पुष्पांजलीनं कागद नवऱ्यापुढं ठेवला. अविनाशनं तो दोनदा वाचला, घडी केली.

"मायले हे समजणार नाही."

"तुमाले समजलं का?"

"समजलं वं. असं कर, मंगळवारी म्हण तू सोडलं म्हणून. दूध मी तुले गोठ्यात आणून देत जाईन. भाजी शेतात खाय. कोण पाह्यते?"

पुष्पांजलीला क्षणभर ते बरं वाटलं. भांडण नाही, लेकरूही राहील. मग तिला आठवलं की शेजारच्या आळीतल्या करिष्माचा पहिला गर्भ मागच्या महिन्यात गेला आणि तिच्याही सासूनं बाया बोलवायचा दिवस धरला आहे. करिष्मा एकोणीस वर्षांची होती. तिला गोठ्यात दूध कोण आणून देणार होतं?

"चोरून खाल्लं तर सारे म्हणतीन, सोडल्यानं फळ आलं," ती म्हणाली. "अन् मंग पुढच्या पोरीले अजून सोडायले लावतीन."

अविनाश उठून म्हशींना पाणी दाखवायला गेला. पुढचे दोन दिवस पुष्पांजलीनं सासूला तोच कागद तीनदा समजावला. सोजराबाईनं तीनदा ऐकून घेतला. "कागदात देवी नसते बाई," एवढंच ती म्हणाली.

मंगळवारी अकरा-बारा बाया ओसरीत बसल्या. देवीपुढं पितळी ताट होतं आणि ताटात मेथीची ओली जुडी, हळदकुंकू वाहिलेली. रीत सोपी होती. सुनेनं जुडी कपाळाला लावायची, "म्या सोडलं" म्हणायचं आणि ताटात परत ठेवायची. मग ती जुडी म्हशीपुढं टाकत.

पुष्पांजलीनं जुडी उचलली. कपाळाला लावली. बाया थांबल्या.

"म्हण," सोजराबाई म्हणाली.

पुष्पांजली म्हणाली नाही. जुडी हातात घेऊन ती उठली, आत गेली आणि विळीवर बसली. मेथी चिरल्याचा करकर आवाज ओसरीपर्यंत आला.

"पाह्यलं? शिकेल-सवरेल सून," एकीनं दुसरीला कोपर मारलं. "आता देवीचाच पाला शिजवते."

"शिजवंन अन् आपल्यालेच वाढंन."

कोणीतरी हसलं. सोजराबाईला ते हसू झोंबलं. ती ताडकन उठली, दोन पावलं टाकली, आणि तिसरं पाऊल जिथं पडायला हवं होतं तिथं पडलं नाही. ती ताटावर कोसळली. ताट गडगडत दाराशी गेलं. बायांनी तिला उताणी केलं तेव्हा तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि उजवा हात लाकडासारखा पडला होता.

"देवी कोपली," एक म्हातारी म्हणाली.

राजूरचा घाट चढेपर्यंत जीपमध्ये अविनाश बायकोकडं पाठ करून आईचा पडलेला हात चोळत होता. बुलढाण्यात डॉक्टरांनी मेंदूतल्या नसेत गुठळी अडकल्याचं सांगितलं. रक्तदाब कधी मोजलेलाच नव्हता, तोही वाढलेला होता. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सोजराबाईचा कागद पुष्पांजलीच्या कागदाशेजारी ठेवला. होमोसिस्टीन बासष्ट.

"हे एकटंच कारण नाही," त्या अविनाशला म्हणाल्या. "पण पायातल्या मुंग्या त्यातल्याच होत्या. बी-बारा इतकं कमी झालं की नसा अशाच ओरडतात. या किती वर्षांपासून दूध घेत नाहीत?"

अविनाशनं आईच्या खाटेकडं पाहिलं. मग म्हणाला, "माझ्या वयाइतकी."

सोजराबाई घरी आली ती बाजेवर. इंजेक्शनं चालू झाली. गावात मात्र सारं ठरून गेलं होतं. पाणवठ्यावर पुष्पांजली आली की बाया हंडे उचलून बाजूला होत. "सासूले पाडणारी," म्हणत. तिच्या पोटाकडं पाहून एकजण म्हणाली होती, "पाहू आता किती दिवस राह्यते." रात्री नव्हे, भर दुपारीच पुष्पांजलीला त्या वाक्याची भीती वाटे. चौथा महिना संपत आला होता. पुढं काय वाढून ठेवलं आहे ते डॉक्टरीणबाईही सांगत नव्हत्या; गोळी चुकवू नको, दर महिन्याला ये, इतकंच म्हणत.

रोज ती वाटीत कोमट दूध घेऊन बाजेजवळ बसे. रोज सोजराबाई डोळे मिटून ओठ घट्ट धरी. अर्धे ओठ तिचं ऐकत, अर्धे ऐकत नसत.

त्या दुपारी शेजारच्या आळीतून हळदकुंकवाचं बोलावणं देत एक बाई दारावरून गेली. या दाराशी ती थांबली नाही. पुढच्या घरी तिचा आवाज ऐकू आला: "करिष्मा दूध सोडून राह्यली. या लवकर."

सोजराबाईनं डोळे उघडले. "तू... पेतं?" तिची जीभ जड होती.

"हाव आत्याबाई. पेते. तुमच्यासमोर पेते." पुष्पांजलीनं वाटीतलं अर्धं दूध पिऊन दाखवलं.

सोजराबाई तिच्या तोंडाकडं पाहत राहिली, मग पोटाकडं. बत्तीस वर्षं मिटलेले ओठ तिनं हळूहळू उघडले. पुष्पांजलीनं चमचा लावला. थोडं दूध आत गेलं. उरलेलं मेलेल्या कोपऱ्यातून ओघळून उशीवर पडलं. दुसऱ्या चमच्याला ते कमी ओघळलं.

तिसरा चमचा सोजराबाईनं डाव्या हातानं अडवला. बोट दाराकडं केलं.

"पोट्टी," ती म्हणाली. खूप कष्टानं पुढचा शब्द आला. "जाय."

पुष्पांजलीनं फडताळातून दोन्ही कागद काढले. अविनाश दारात उभा होता. तो बाजूला झाला, आणि मग आईच्या बाजेजवळ जाऊन त्यानं दुधाची वाटी हातात घेतली.

करिष्माच्या ओसरीत बाया गोल बसल्या होत्या. देवीपुढं पितळी ताटात दुधाचा पेला होता. पुष्पांजली उंबऱ्यात आली. सरकून जागा कोणी दिली नाही. ती बायांच्या मधून चालत गेली आणि करिष्माच्या शेजारी जमिनीवर बसली.

करिष्मानं ताटातला पेला नुकताच उचलला होता. पुष्पांजलीनं दोन्ही कागद तिच्यापुढं मांडले आणि म्हणाली, "सोडलं म्हणू नको. पे."