टिटवीची रेकॉर्ड

आमच्या घरात माणसांपेक्षा रेकॉर्डींच्या आंघोळी जास्त व्हायच्या. रविवारी सकाळी न्हाणीघर अडलेलं असायचं आणि आत तीन म्हातारे बाह्या सरसावून उभे असायचे. एक आमचे हे, दुसरे घड्याळजी, तिसरे दंतवैद्य. एकानं रेकॉर्ड कडेनं धरायची, दुसऱ्यानं मऊ ब्रशनं गोल गोल धुवायची, तिसऱ्यानं जुन्या मलमलीनं टिपायची. पाणीही साधं चालायचं नाही. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, त्यात मापून स्पिरिट आणि साबणाचा एक थेंब. हे मिश्रण ह्यांनी स्वतः शोधून काढलं होतं आणि त्याचा अभिमान इतका, की आमच्या लग्नाचा तेवढा नसेल. धुतल्याशिवाय रेकॉर्ड लावायची नाही, हा तिघांचा नियम. मी एकदा म्हटलं, "अहो, तोच ब्रश जरा स्वतःच्या मानेवरून पण फिरवा." घड्याळजी हसले. ह्यांना ऐकूच गेलं नाही. स्पीकरमधली डासाएवढी गुणगुण ह्यांना दोन खोल्यांपलीकडून ऐकू येते, बायकोचं बोलणं मात्र शेजारी बसूनही येत नाही.

ह्यांचं टर्नटेबल विकतचं नाही. दंतवैद्यांनी आपलं परदेशातून मागवलं, आणि ते कसं आलं हे ते दर रविवारी सांगायचे. ह्यांनी मात्र तरुणपणी कुठल्याशा मासिकात एक चित्र पाहिलं होतं आणि तसलं यंत्र स्वतःच्या हातानं करायचं डोक्यात घेतलं होतं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तसं त्याचं चाललं. पितळेची जड थाळी लेथवर घडवून घेतली, तर ती केसभर हेलकावे खायची. घड्याळजींनी तिच्या मधला दांडा घासून घासून सरळ केला, तर मोटरची थरथर सुईपर्यंत पोचायला लागली. मग मोटर वेगळ्या पेटीत गेली आणि थाळी पट्ट्यानं फिरायला लागली. मग रस्त्यावरून ट्रक गेला की खालची फरशी हलते असा शोध लागला, म्हणून भिंतीत लोखंडी कंस ठोकले, त्यावर संगमरवराची लादी आणि तिच्यावर हे सगळं. रेकॉर्ड चालू असताना मी मिक्सर लावायचा नाही, दार आपटायचं नाही आणि शक्यतो चालायचंही नाही. मी म्हणायचे, श्वास घेऊ का? तर हे गंभीरपणे म्हणायचे, "हळू घे."

हे सगळं कशासाठी, ते आता सांगते.

आम्हाला एक मुलगी होती. आवाज इतका उंच आणि टोकदार, की हाक मारली तर गल्लीच्या तोंडाशी माणूस थांबायचा. आम्ही तिला टिटवीच म्हणायचो. सूर बेताचाच होता, हे मी आई असून सांगते. पण गायची हौस दांडगी. त्या काळी मोठ्या रस्त्यावर रेडिओच्या दुकानामागे एका खोलीत रेकॉर्ड करून मिळायची. आपण माइकसमोर गायचं, आणि तिथला माणूस त्याच वेळी यंत्रानं ते पातळ काळ्या लेपाच्या पत्र्यावर कोरायचा. हे तिला घेऊन गेले. मी सर्दीनं अंथरुणावर होते. परत आली ती उड्या मारतच. "आई, मी रेकॉर्डमध्ये गेले!" मी म्हटलं, लावा की मग. तर ह्यांनी ती पाकिटातून अर्धीच बाहेर काढून दाखवली आणि परत आत घातली. तसल्या रेकॉर्डचा लेप फार मऊ असतो म्हणाले. आपल्या यंत्राची सुई म्हणजे नांगराचा फाळ आहे. दोनचारदा लावली तर सगळं खरवडून जाईल. जरा चांगलं यंत्र आलं, की ऐकू.

यंत्र यायच्या आत पोरगी गेली. ताप डोक्यात गेला, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही.

पाकीट कपाटाच्या वरच्या खणात गेलं. तळहातावरच्या फोडासारखं जपलं ह्यांनी ते. उन्हाळ्यात त्या बाजूची खिडकी बंद ठेवायची, वर दुसरं काही ठेवायचं नाही, आडवी नाही, उभीच ठेवायची. आणि मग ह्यांनी ते टर्नटेबल करायला घेतलं. आधी जो नुसता छंद होता, त्याला आता कारण मिळालं. ती रेकॉर्ड जुन्या जलद वेगाची, म्हणून घड्याळजींनी तेवढ्या एका रेकॉर्डसाठी मोटरवर बसवायला निराळी चकती बनवून दिली. सुई सगळ्यात हलकी. कोणी विचारलं, की ह्यांचं उत्तर ठरलेलं, "अजून थोडं राहिलंय." दर काही महिन्यांनी मी विचारायचे. मला तुमची पितळी थाळी नको, मी दुधाची तहान ताकावर भागवीन, कुठल्याही डबड्यावर लावा. पालथ्या घड्यावर पाणी! मला वाटतं, ह्यांना भीती वाटत होती. जोपर्यंत ती रेकॉर्ड ऐकली नव्हती, तोपर्यंत पोरीचं काहीतरी बोलायचं बाकी होतं. एकदा ऐकली की संपलं. हे मला कळत होतं, म्हणून मी फार ताणलं नाही. शिवाय मीही घाबरतच होते.

पण माणसाची आठवण कपाटात ठेवून टिकत नाही. एका सकाळी मी भाजी चिरत होते आणि सहज मनातल्या मनात तिची हाक आठवायला गेले, तर आली नाही. आवाज उंच होता हे माहीत होतं, टोकदार होता हे माहीत होतं, पण ती नुसती माहिती झाली होती. आवाज येईना. चेहरा फोटोत आहे. फ्रॉक ट्रंकेत आहे. आवाज कुठेच नव्हता. मी सुरी ठेवली आणि दिवाणखान्यात गेले. हे थाळी सपाट बसली का ते बघायची पाण्याची नळी तिच्यावर ठेवून डोळा लावून बसले होते.

"मला तिचा आवाज आठवत नाही," मी म्हटलं.

"अगं, म्हणून तर—"

"म्हणून तर काय? मी मेल्यावर लावणार आहात का? तुमचं यंत्र तयार होईल आणि ऐकायला कोणी नसेल. वरातीमागून घोडं नाचवा मग!"

मी रडले नाही. ओरडले. ह्यांनी नळी उचलून खिशात ठेवली. मग म्हणाले, "मलाही नाही आठवत गं." आणि थोड्या वेळानं, "रविवारी लावू."

रविवारी घड्याळजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. दंतवैद्यांनी त्या दिवशी स्वतःच्या टर्नटेबलाचं नावही काढलं नाही. ह्यांनी पाकीट काढलं, आतली रेकॉर्ड दोन्ही तळहातांवर घेतली आणि खिडकीशी नेली. काळ्या रंगावर सगळीकडे पांढरट भुकटी धरली होती.

"बुरशी," दंतवैद्य म्हणाले. डोळ्याला भिंग लावून त्यांनी निरखून पाहिलं, दाढ बघावी तसं. "वरवरची आहे. धुतली की जाईल."

"माझ्याकडे अशा कितीतरी आल्या," घड्याळजी म्हणाले. "काही काळजी करू नका, वहिनी."

तिघांच्याही मनात शंका आली नाही. कशी येणार? त्यांनी आयुष्यभर ज्या धुतल्या, त्या कारखान्यातल्या रेकॉर्डी होत्या. घाण दिसली की धुवायची, आणि न धुता लावणं म्हणजे पापच. त्यातून ही तर सगळ्यांत लाडकी. हिच्यासाठी ह्यांनी ताजं मिश्रण केलं, नवा ब्रश काढला. मी न्हाणीघराच्या दारात उभी होते. ह्यांनी ब्रश इतका हळू फिरवला, की पोरीला न्हाऊ घालतानाही एवढा हळू हात मी पाहिला नव्हता.

पांढरं गेलं. खाली काळं चकचकीत दिसलं. हे माझ्याकडे बघून हसलेसुद्धा. मग कडेला एक बारीक भेग दिसली. मग दुसरी. जुनं नेलपॉलिश सुटतं तसा तो लेप पापुद्र्यापापुद्र्यानं सुटायला लागला आणि पाण्याबरोबर वाहायला लागला. खालचा पत्रा उघडा पडला. "थांबा, थांबा," घड्याळजी ओरडले. ह्यांनी ब्रश टाकला आणि मोरीच्या जाळीवर तळहात दाबून धरला. हातात काळे कपचे आले. प्रत्येक कपच्यावर रेघा होत्या.

दंतवैद्य तिथेच पालथ्या बादलीवर बसले. नंतर कोणाकडून तरी कळलं, की ती बुरशी नव्हतीच. तसला लेप जुना झाला की आतूनच पांढरं सुटतं, आणि त्याला स्पिरिट लावायचं नसतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे तर तीन शहाणे होते.

घड्याळजींनी ती मलमलीनं टिपलीसुद्धा नाही, नुसती निथळू दिली. मग हलक्या आवाजात म्हणाले, "आतलं कडं शाबूत आहे. मधलं. शेवटचा भाग."

"नको," हे म्हणाले. "सुई लागली तर तेही जाईल. कोणीतरी जाणकार शोधू. नीट विचारू, आणि मग—"

"आत्ता लावा," मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग रेकॉर्ड बाहेर नेली, थाळीवर ठेवली, घड्याळजींनी जलद वेगाची चकती बसवली. दुसऱ्यांदा प्रयत्न करून सुई आतल्या कड्यावर टेकली.

आधी नुसती खरखर. मग एकदम, खोलीच्या मधोमध उभी असल्यासारखी, टिटवी. गाण्याचा शेवटचा शब्द लांबवत होती आणि सूर नेहमीसारखा खाली घसरत होता. माझ्या तोंडून हसू फुटलं. आवाज तिचाच होता. आत्ता स्वयंपाकघरातून हाक मारल्यासारखा. गाणं संपलं, पण तिथल्या माणसानं यंत्र लगेच बंद केलं नसावं.

"झालं? बाबा, आता लावा ना. मला ऐकायचंय."

मग एका पुरुषाचा आवाज आला, तरणा, खुशीतला. तो कोणाचा, हे कळायला मला क्षणभर लागलं.

"इथं नको गं. दुकानातली सुई जाड आहे. चांगल्या यंत्रावर ऐकू."

"कधी?"

तिथे रेकॉर्ड संपली. सुई शेवटच्या रेघेत गोल गोल फिरत राहिली.

मी इतकी वर्षं धरून चालले होते, की त्या दुकानातल्या माणसानं एकदा तरी तिला ते ऐकवलं असेल. निदान तिनं तरी ऐकलं असेल. ते मनात होतं म्हणूनच मला थोडं सोसवत होतं. तिनंही ऐकलं नव्हतं. हे जमिनीवर बसले होते, भिंतीला टेकून, दोन्ही तळहात उघडे. काळे कपचे अजून हाताला चिकटलेले होते. मला ह्यांच्यावर चिडायचं होतं. खूप चिडायचं होतं, आणि तो अधिकार माझाच होता. पण त्या तरण्या आवाजात किती कौतुक होतं, ते मीही ऐकलं होतं.

मित्र कधी गेले ते कळलं नाही. पायताणंसुद्धा हातात घेऊन गेले असावेत.

"पुन्हा लावा," मी म्हटलं.

हे उठले. ब्रश घेतला नाही, कापड घेतलं नाही. पुन्हा लावली. मग पुन्हा. दर खेपेला एखादा नवा पापुद्रा सुटत होता आणि थोडं थोडं कमी होत होतं. आधी गाण्याचं टोक गेलं. मग ह्यांचं बोलणं तुटायला लागलं. जिच्यावर कोणाला फुंकर घालू देत नसत, ती ह्यांची सुई कपच्यांत अडकून उडत होती, आणि हे तिला बोटानं उचलून परत ठेवत होते. "कधी" सगळ्यात शेवटपर्यंत टिकलं. दुपार कलली तेव्हा तेही गेलं आणि नुसती खरखर उरली. तरी ह्यांनी सुई उचलून पुन्हा कड्याच्या सुरुवातीला ठेवली, आणि मी नको म्हटलं नाही.