दुधाळ फुंकर

"फुंका! अजून जोरात! विष बाहेर येऊ द्या!"

गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर फुंकरबाबा, त्यांच्यापुढे टेबलावर दोन बरण्या, दोन्हींत नितळ पाणी. पहिल्या बरणीतलं पाणी पेल्यात ओतून बाबांनी पोस्टमनच्या हाती दिलं. तो नळीने पेल्यात फुंकत होता आणि पाणी बघता बघता दुधासारखं पांढरं होत होतं.

"अगं बाई!" गर्दीतून आवाज उठला.

मग बाबांनी त्याच्या जिभेवर एक मंतरलेला खडा ठेवला आणि दुसऱ्या बरणीतून दुसरा पेला भरला. पोस्टमनने गाल दुखेपर्यंत फुंकलं. पाणी तसंच नितळ!

"विष संपलं! आता तो दम्याचा पंप टाक टोपलीत. पंप म्हणजे छातीला लावलेलं कुलूप!"

टोपली निम्मी भरली होती. त्यात आत्याच्या धाकट्या भावाने आल्याआल्याच टाकलेला पंपही होता. तो बेकरीवाला. पिठाच्या धुळीनेच त्याला दमा जडलेला. बाबांनी खड्याआधी तीन दिवस पंप बंद ठेवायला सांगितलं होतं, आणि आता त्याच्या छातीत शिट्टी वाजत होती. आत्याने घसा कोरडा होईपर्यंत समजावलं होतं, पण ऐकेल तर शपथ! ती त्याला एकटं सोडायचं नाही म्हणून नाइलाजाने आली होती. घरांना चुना मारणं हे तिचं तीस वर्षांचं काम. गल्लीत तिला सगळेच आत्या म्हणत.

त्याच्याबरोबर तीही मंचावर चढली. भावाने फुंकलं. पेला पांढराफटक झाला.

"बघितलंस ताई, केवढं विष!" एवढं बोलतानाही तो तीनदा थांबला.

आत्याचं लक्ष मात्र पहिल्या बरणीकडे होतं. सकाळपासून उघड्या बरणीत पाण्यावर पातळ पांढरी साय धरली होती. ही साय ती रोज बघायची. पिंपातला चुना तळाशी बसला की वरच्या पाण्यावर अशीच येते. तिने बोट बुडवून चोळलं. बुळबुळीत!

"अगं बया, हे तर माझ्या पिंपातलं पाणी!" मग तिने भावाच्या मुलीला हाक मारली. "भिंगरी, वर ये. फुंक."

सहावीतली भिंगरी धावत आली, तिने फुंकलं. पाणी पांढरं.

"काल शर्यतीत पहिली आलेली पोर ही. हिच्यात कसलं विष?"

"पूर्वजन्मीचं!" बाबा म्हणाले.

"बरं. तुम्ही तर शुद्ध ना? मग फुंका."

"हो, होऊन जाऊ द्या बाबा!" मागून कोणीतरी ओरडलं.

बाबा हसले आणि त्यांचा हात गेला दुसऱ्या बरणीकडे. आत्याने मनगट धरलं.

"ती नको, महाराज. पहिली."

बाबा गरम चहावर मारावी तशी हलकीच फुंकर मारत राहिले, पण शेवटी पाणी पांढरं झालंच. गोदामभर हशा पिकला.

"ही चुन्याची निवळी आहे," भिंगरी म्हणाली. "आमच्या वर्गात केलंय. हवा नाकातून श्वासनळीत जाते. पुढे नळीला फांद्या, फांद्यांना फांद्या, आणि टोकाला इवले इवले फुगे, वायुकोश. तिथे रक्त ऑक्सिजन घेतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. तो आपण उच्छ्वासातून बाहेर टाकतो, त्याने निवळी पांढरी होते. सगळ्यांचीच! नाही झाली तरच घाबरायचं. दुसऱ्या बरणीत नुसतं पाणी आहे."

"मग दमा?" पोस्टमनने विचारलं.

"त्यात नळ्या सुजतात, आवळतात. पंपातलं औषध त्या मोकळ्या करतं."

तेवढ्यात आत्याचा भाऊ खाली बसला. खांदे वरखाली होत होते, तोंडातून शब्द फुटेना. आत्याने टोपली उपडी केली. मैद्याने पांढरा झालेला पंप हाती लागताच तिने त्याच्या तोंडाला लावला. एकदा. थोड्या वेळाने पुन्हा. अख्खं गोदाम त्याच्या छातीकडे बघत थांबलं होतं. हळूहळू शिट्टी मंदावली.

"ताई," तो म्हणाला, "भट्टीत पाव राहिलेत गं."

"मेल्या, पावाचं काय घेऊन बसलास!" आत्या ओरडली आणि रडूच लागली.

डोळे पुसून ती गर्दीकडे वळली. "मीही चुना लावते, पण सांगून लावते! पुन्हा कोणी चमत्कार दाखवला तर आधी त्यालाच करायला लावा. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध टाकू नका. श्वास एकदा गेला की विचारायला कोणी उरत नाही."

पोस्टमन खाली वाकला आणि जमिनीवर पडलेल्या पंपांत आपला शोधू लागला.