गोलूची बदली

किशनरावांनी आयुष्यात दोनदा घर बांधलं, पण दोन्ही वेळेला सगळं गवंड्यावर सोडून दिलं. कोंबड्यांचं खुराडं मात्र त्यांनी स्वतः आखलं आणि तीनदा मोडून चौथ्यांदा उभं केलं. कारण कोंबड्या साध्यासुध्या नव्हत्या. बुटक्या जातीच्या चौघीजणी, पुरत्या वाढल्या तरी पायलीच्या मापात मावतील एवढ्या. म्हणून बसायची दांडी जमिनीपासून फक्त वीतभर वर, कारण ह्या बायांना उडी जमत नाही. जाळी अशी बारीक, की मुंगसाचं नाकसुद्धा आत जाऊ नये. अंडी घालायला चार वेगळे कप्पे, म्हणजे जावाजावांची भांडणं नकोत. आणि मधोमध दोन विटांचा चौथरा, कोंबड्यानं वर उभं राहून रुबाब करायला. सगळं तयार होतं, फक्त कोंबडाच नव्हता.

तसला अस्सल बुटका कोंबडा दोन तालुक्यांत एकच, देगलूरच्या पारूबाईचा गोलू. तो मिळाला नाही तर ह्या जातीचं एक पिल्लू किशनरावांच्या अंगणात दिसणार नव्हतं. गावातल्या दांडग्या कोंबड्याशी जोडी लावायची म्हणजे जात बुडालीच. म्हणून त्यांनी आपल्या मुखेडच्याच आठवडी बाजारात पारूबाईला गाठलं आणि गोलूला महिनाभरासाठी मागितलं.

"आधी जागा बघीन," पारूबाई म्हणाली.

रविवारी ती आली. विठाबाईनं, म्हणजे किशनरावांच्या मंडळींनी, पोहे केले. कोंबड्याच्या स्थळासाठी पोहे करायची वेळ आली म्हणून कपाळाला हात लावत केले, पण केले. पारूबाईनं दांडी वितीनं मोजली, जाळीत करंगळी घालून बघितली, मग वाकून डोकंच आत घातलं. अंबाडा दारात अडकला. दोघांनी मिळून तिला मागं ओढलं.

"जागा झ्याक हाय," ती पदर सारखा करत म्हणाली. "वारा बी लई चांगला येऊन राहिला."

किशनरावांची छाती फुगली. "मग कधी धाडता गोलूला?"

"धाडता? अय्यो! माझा गोलू बायकांच्या घरी ऱ्हायला जाईल? लोक तोंडात शेण घालतील माझ्या! नवरा कधी सासरी नांदतो का? तुमच्या पोरी माझ्याकडं धाडा. आन् अंडी जिथं पडतील तिथली, हे आधीच सांगते."

घ्या! तीन आठवडे पाठीचं धनुष्य करून खुराडं बांधलं, आणि पिल्लं देगलूरला खेळणार. किशनरावांचं डोकं असं तापलं की त्यांनी पाहुणीच्या पुढची पोह्यांची बशी उचलून स्वतःच खायला घेतली.

विठाबाईनं ती शांतपणे काढून परत पारूबाईपुढं ठेवली. "धाडू की पोरी. आठ दिस नांदू द्या. पर विहीणबाई, पहिलं बाळंतपण तर माहेरीच असतंय न्हवं?"

पारूबाईचा घास तोंडातच राहिला. आपल्याच तोंडानं रीतभात काढली होती, आता मागं कुठं जाणार?

"हाव," ती कशीबशी म्हणाली. "ते बी खरं हाय."

त्या दिवशी किशनरावांनी लग्नानंतर पहिल्यांदा बायकोला चहा करून दिला. साखर विसरले, पण दिला.

पोरी एसटीनं देगलूरला गेल्या आणि आठव्या दिवशी परत आल्या. लागल्या अंडी घालायला. चारांपैकी तीन कप्पे रिकामे आणि चौघीजणी एकाच कप्प्यात, एकमेकींच्या डोक्यावर. किशनरावांनी त्यांना परोपरीनं समजावलं, एकीला हातानं उचलून दुसऱ्या कप्प्यात ठेवलं. त्यांचा हात मागं येण्याआधीच ती परत पहिल्यात पोचली.

पाचव्या दिवशी दारात पारूबाई उभी. काखेत झाकलेली पाटी. अंडी न्यायलाच आली म्हणून किशनराव दोन्ही हात पसरून खुराड्यापुढं आडवे झाले. "एक बी मिळायचं न्हाई!"

"अंडी घाला चुलीत!" पारूबाईला रडूच फुटलं. तिनं पाटीवरचं फडकं काढलं. आत गोलू मान टाकून बसला होता. "पोरी गेल्यापासून दाणा टिपंना, आरवंना. दिसभर एसटी स्टँडाच्या रस्त्याकडं तोंड करून बसतंय मेलं!"

किशनरावांनी खुराड्याचं दार उघडलं. गोलू तुरुतुरु आत गेला, चौथऱ्यावर चढला, पंख झाडले आणि असा आरवला की शेजारची म्हैस दावं ताणून उभी राहिली. चौघीजणी अंडी सोडून बाहेर धावल्या. मागं देगलूरची पारूबाई उभी आहे, ह्याची त्याला शुद्धही नव्हती.

"बघितलं का? एवढं वाढवलं, वळून तरी बघितलं का?" पारूबाई डोळे पुसत म्हणाली. किशनरावांनी तिच्यासाठी बाज टाकली.

"ऱ्हाऊ द्या त्याला इथंच," बाजेवर टेकत ती म्हणाली. "बाजाराला आले की बघून जाईन."

"आन् देगलूरला लोक काय म्हणतील?" विठाबाईनं हळूच विचारलं.

पारूबाईनं नाक शिंकरलं आणि ताठ बसली. "सांगीन, मुखेडला बदली झाली म्हणून."