करंगळीपुरती जागा

वहिनींना कुणी काहीही विचारलं तरी त्या 'चालेल' म्हणत. चहा घेणार? चालेल. खिडकी लावून घेऊ? चालेल. पडद्यांच्या दुकानात त्या शिवणकाम करत. तिथल्या मालकिणीनं एकदा घाईत निळ्या पडद्याला पोपटी झालर लावायला सांगितली, तेव्हाही वहिनी चालेल म्हणाल्या आणि लावून मोकळ्या झाल्या. गिऱ्हाइकानं दुकान डोक्यावर घेतलं. वहिनींनी मुकाट्यानं झालर उसवली.

नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं आणि बाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. नणंदेनं ही गोष्ट नात्यागोत्यात यथेच्छ चघळली. "दगड आहे नुसता," असं ती म्हणाली म्हणे. लोकांना रडणारी विधवा बरी वाटते, नाहीतर आणलेलं सांत्वन घेऊन तसंच परत जावं लागतं. वहिनी दगडबिगड काही नव्हत्या. दाढ काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात आणि मग गाल आपला की शेजाऱ्याचा तेच कळत नाही, तसं त्यांचं सगळं झालं होतं. कुणी गोड बोललं काय, टोचून बोललं काय, पालथ्या घड्यावर पाणी.

नवरा साडेसहा फुटांचा. नेमबाजीच्या क्लबात त्याला सगळे लंबू म्हणत आणि वहिनींना वहिनी. रविवारची सकाळ त्यानं पंचवीस वर्षं त्या रेंजवर घालवली होती. गेला मात्र घरीच, दाढी करता करता, हृदय बंद पडून. गालाला साबण तसाच होता. पिस्तुलाचा त्याच्या मरणाशी काडीचा संबंध नव्हता, पण मागे उरलं ते पिस्तूलच.

ते क्लबातल्या लोखंडी कपाटात होतं. वहिनी सामान न्यायला गेल्या तेव्हा मिस्त्रीनं त्यांना टोपी दिली, चष्मा दिला, कानांवर लावायची झाकणं दिली. मग पिस्तूल रिकामं असल्याचं दोनदा पाहून त्यांच्या हातात ठेवलं. मिस्त्री म्हणजे लंबूचा शाळेपासूनचा मित्र, क्लबातला जोडीदार आणि धंद्यानं सुतार. पिस्तुलाची लाकडी मूठ त्यानंच घडवलेली. निशाण्याच्या पिस्तुलाची मूठ ज्याच्या त्याच्या हाताच्या मापानं करतात. जिथं लाकूड टोचेल तिथं तासायचं, जिथं पोकळी राहील तिथं भुसा आणि गोंद कालवून भरायचा. लंबूची करंगळी लहानपणी दारात सापडून बाहेरच्या बाजूला वाकलेली होती, म्हणून मुठीच्या तळाशी एक मोठी तिरकी खाच होती. पंचवीस वर्षांच्या घामानं लाकूड काळंभोर झालं होतं.

वहिनींनी मूठ धरली. त्यांची बोटं त्या खाचांत गेली आणि तिथं आणखी तेवढीच जागा उरली, नवऱ्याचा सदरा अंगात घातल्यावर उरायची तशी. लंबूचा हात जिथं असायचा नेमका तिथं आत्ता आपला हात आहे, हे त्यांच्या मनाला नाही, तळव्याला कळलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी जाणवलं, आणि पिस्तूल खाली ठेवल्याबरोबर ते गेलं.

क्लबाचा नियम असा, की मेलेल्या सभासदाचं हत्यार वर्षभर कपाटात राहील. तोवर घरातल्या कुणी शिकून, परवाना काढून ते आपल्या नावावर करून घ्यावं, नाहीतर ते विकावं. आणि शिकणाऱ्याला ते हत्यार झेपतंय असं क्लबात शिकवणाऱ्या कोचबाईंनी म्हटलं पाहिजे. ती मूठ दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार या विचारानं वहिनींनी नाव घातलं. कुणाला कारण सांगितलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणं हे, पण सांगणार तरी काय? लाकडाचा हात धरायला येते म्हणून?

कोचबाई फटकळ होत्या आणि त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. गोळी निशाण्याच्या बाहेर पांढऱ्या कागदावर गेली तरी ही बाई चिडत नाही आणि मधोमध गेली तरी हसत नाही, हे त्यांनी हेरलं होतं. बधिर माणसाच्या हातात हत्यार द्यायला मला आवडत नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. जिवाचं बरंवाईट करायचं काही मनात येतं का, हेही सरळ विचारलं. वहिनी नाही म्हणाल्या, आणि ते खरं होतं. तरी बाईंनी त्यांना एकटीला रेंजवर कधी उभं राहू दिलं नाही. हत्यार कुणाच्याही नावावर झालं तरी क्लबाच्याच कपाटात राहील, हेही बजावलं.

वर्ष संपायला थोडे दिवस उरले तेव्हा पिस्तूल निवडायचा दिवस ठरला. कोचबाईंनी टेबलावर जाड कापड पसरून तीन हत्यारं मांडली, तिन्ही रिकामी, नळ्या रेंजकडे. एक क्लबाचं जुनं पिस्तूल, हलकं, बारक्या काडतुसाचं, चार-पाच नवशिके त्याच्यावर हात बसवून गेले होते. एक रिव्हॉल्व्हर. आणि तिसरं लंबूचं. निवडायची त्यांची रीत सोपी होती. हत्यार धरायचं, डोळे मिटायचे, हात खांद्यापर्यंत उचलायचा आणि मग डोळे उघडायचे. नळीवरची पुढची खुंटी मागच्या खाचेत आपोआप आली असेल तर ते आपलं. हात वळवून, मनगट मुरडून जुळवावं लागलं तर ते दुसऱ्याचं.

"पहिलं पिस्तूल हाताला विचारून घ्यायचं," त्या म्हणाल्या. "मनाला विचारलं की ते भलतंच काहीतरी सांगतं."

क्लबाचं पिस्तूल वहिनींनी उचललं, डोळे उघडले, तर खुंटी जवळजवळ खाचेत. रिव्हॉल्व्हरनं मनगट दुखलं. लंबूचं उचललं तेव्हा नळी खाली झुकली होती, डावीकडे गेली होती आणि खुंटी दिसतच नव्हती. पुन्हा केलं, पुन्हा तेच. वहिनी मनगट मुरडून जुळवायला लागल्या तसं कोचबाईंनी त्यांचं कोपर खाली घेतलं. नाकापेक्षा मोती जड होतोय, हे क्लबाचं घ्या आणि लंबूचं विकून टाका, असं त्यांनी सांगितलं. ह्यांचंच घ्यावं म्हणते, असं वहिनी पुटपुटल्या.

मिस्त्री बाजूला उभा राहून बघत होता. मित्राच्या बायकोचा उतरलेला चेहरा त्याला बघवेना. तो पुढे होऊन म्हणाला, "मी मूठ बसवून देऊ का, वहिनी? तुमच्या हाताला?"

वहिनींचा हात अजून मुठीवर होता. हे शेवटचं, आता ते कपाटात जाईल आणि मग कुणा परक्याकडे, एवढंच त्यांच्या डोक्यात चाललेलं. मिस्त्रीचा आवाज त्यांना पाण्यातून आल्यासारखा ऐकू आला.

"चालेल," त्या म्हणाल्या.

मिस्त्रीनं त्यांचा तळवा कागदावर ठेवून पेन्सिलीनं माप घेतलं. कशाला, हेही त्यांनी विचारलं नाही. मूठ तेवढी सोडवून तो आपल्या कारखान्यात घेऊन गेला.

पुढच्या रविवारी वहिनी आल्या तेव्हा मूठ चढवून पिस्तूल टेबलावर तयार होतं. कोचबाईंनी धरा म्हटलं, वहिनींनी धरलं, डोळे मिटले, हात उचलला, डोळे उघडले. खुंटी खाचेत चपखल बसली होती. हातच्या काकणाला आरसा कशाला, कोचबाई खूश झाल्या. वहिनींना वाटलं, आपल्याला चुकून दुसरंच पिस्तूल दिलंय. लाकूड अंगच्या ब्लाउजसारखं तळव्याला बसलं होतं. कुठं टोचत नव्हतं, तळव्याखाली जागा उरत नव्हती. काळा रंग जाऊन आतलं पिवळट लाकूड वर आलं होतं.

त्यांनी विचारलं, ह्यांची मूठ कुठं आहे.

"हीच ती," मिस्त्री म्हणाला. "तासली आणि भरली. तुम्हाला विचारलं होतं ना मी. तुम्ही चालेल म्हणालात."

म्हणाल्या असतील. त्या काय, सगळ्यालाच म्हणत होत्या. तासलेलं लाकूड परत चिकटत नाही. त्यांनी कानांवर झाकणं चढवली आणि कोचबाईंनी सांगितलं तसं निशाण्याकडे तोंड करून पाच गोळ्या मारल्या.

निशाण्याचा कागद सरकत जवळ आला. पाचही भोकं एका रुपयाखाली झाकली जातील इतकी जवळ होती, फक्त मधोमध नाही, सगळी थोडी खाली. कोचबाईंनी पिस्तूल रिकामं केलं, उलटसुलट करून पाहिलं आणि मुठीच्या तळाशी बोट टेकवलं.

"मिस्त्री, ही करंगळीची खाच राहिली की तुमची. केवढी मोठी, आणि वाकडी. करंगळीला आधार नाही म्हणून नळी खाली जातेय. हिच्यात भरा तेवढं."

मिस्त्री जमिनीकडे बघत म्हणाला, "राहिली नाही. बाकीचं सगळं केलं. तिथं भरायला घेतलं आणि हात चालेना."

कोचबाई वाईट नव्हत्या, पण कामाशी काम ठेवणाऱ्या होत्या. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि कुठपर्यंत भरायचं त्याची खूण करायला मूठ वर धरली. वहिनींनी खाचेवर आपला तळवा ठेवला. पेन्सिलीची रेघ त्यांच्या बोटावर उमटली.

"नको," त्या म्हणाल्या.

नेम खाली जाईल, असं कोचबाई म्हणाल्या.

"जाऊ दे. इथं कुणी हात लावायचा नाही." आवाज इतका चढला की पलीकडच्या दोघांनी कानांवरची झाकणं काढून मागं पाहिलं. "सगळं तासून टाकलंत तुम्ही. विचारलं म्हणे! मी चालेल म्हणाले म्हणून काय झालं? मला काय कळत होतं? एवढं एकच होतं माझ्याकडे."

हे सगळं त्या मिस्त्रीला बोलल्या, ज्यानं एवढंच तर वाचवलं होतं. हा शुद्ध अन्याय होता आणि तो त्यालाही कळत होता. तो मान डोलवत उभा राहिला आणि त्याचे डोळे वाहत होते. वहिनींना राग आला होता. मिस्त्रीचा, कोचबाईंचा, स्वतःचा आणि सर्वांत जास्त त्या साबण लावून अर्धवट निघून गेलेल्या माणसाचा. तो राग त्यांच्या पायांपर्यंत उतरला आणि त्या तिथंच बाकावर बसून रडल्या, नणंदेचं समाधान झालं असतं इतक्या.

कोचबाईंनी त्यांचं रडणं होऊ दिलं. पिस्तूल कापडावर ठेवलं. मग ड्रॉवरमधून बारका स्क्रूड्रायव्हर काढून नळीवरच्या मागच्या खाचेचा स्क्रू थोडा पिळला, डोळ्याशी धरून पाहिलं, आणखी थोडा पिळला. नेम खाली जातोय तर नळीवरची खाच वर घ्यायची, त्यात काय एवढं, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"या," त्या म्हणाल्या. "तुमच्या पिस्तुलावर बघा एकदा."

वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि मूठ धरली. मधली दोन बोटं आपापल्या जागी घट्ट बसली. करंगळी मोठ्या खाचेत गेली आणि एका कडेला सरकून राहिली, शेजारी आणखी कुणाला जागा द्यावी तशी.