निवटीचा पहिला मोसम

गिरीज गावचे क्लिफर्ड सर रिटायर झाले आणि घरातल्या वस्तूंची धडगत राहिली नाही. माणसाने उभा जन्म औषधांच्या कारखान्यात मशिनी दुरुस्त केल्या, तो घरी बसून काय करणार? मिक्सर उघडला, पंखा उघडला, विहिरीवरची मोटार उघडली. चालू मोटार हो, ठणठणीत! शेवटी बायकोने, ग्रेसीबायने, हात जोडले. "देवाच्या नावाने कुठेतरी कामाला लागा," ती म्हणाली, "नाहीतर एक दिवस मलाही स्क्रू लावाल."

तेवढ्यात शाळेच्या मुख्याध्यापिका इझाबेल मॅडमचा फोन आला. कुणा देणगीदाराने शाळेला रोबोटिक्सचं सामान दिलं होतं आणि ते खोक्यात पडून होतं. पुण्याला राज्याची स्पर्धा असते, मुलं तयार आहेत, शिकवणारा नाही. सरांनी होकार दिला तेव्हा फोन अजून चालूच होता.

पोरं तीन, सगळी नववीतली. मार्क हाताने चलाख आणि तोंडाने त्याहून. एलिसा चित्रं सुरेख काढायची, म्हणून आराखडे तिच्याकडे. आणि मनाली. मनाली खाडीकडच्या गावातली. बाप बळीराम खाजणातल्या खारजमिनीत भात लावायचा, पावसाळा सरला की भाजीचे वाफे. पोरगी गप्प, पण प्रोग्राम लिहायला बसली की हलायची नाही. रोबो बिघडला तर मार्क लाथ मारायला बघायचा आणि मनाली त्याला कान लावायची. डावी मोटर जड चालतेय, हे तिला आवाजावरून कळायचं. सरांनी इतक्या वर्षांत किती हेल्पर घडवले, पण असा कान त्यांना एकाचाही सापडला नव्हता, आणि ते हे सगळ्यांना सांगत सुटायचे.

रोबोचं नाव ठेवलं निवटी. खाडीच्या चिखलात तुरुतुरु पळणारा तो मासा. तेही मनालीनेच सुचवलं. काम साधं वाटायचं, पण होतं कठीण. प्लास्टिकचे चेंडू उचलायचे, चढण चढायची, टोपलीत टाकायचे, आणि सुरुवातीचा काही वेळ रिमोटला हातसुद्धा लावायचा नाही. विरारच्या कॉलेजात सरावाचा सामना झाला तेव्हा निवटी मैदानाच्या मधोमध गोल गोल फिरत राहिली. बाकीच्या शाळांची पोरं खिदळली.  परतताना नाक्यावर सरांनी सगळ्यांना वडापाव खिलवला आणि म्हणाले, "पहिल्या पावलाला पोर पडतंच. आपलं निदान गोल तरी पडलं." मनाली हसली नाही. तिने वडापाव तसाच कागदात बांधून ठेवला.

तिला हसू येणार कसं? बळीरामने तिला एकाच मोसमाची मुभा दिली होती. निवटी पुण्याला जाऊन नीट चालली, तर दहावीनंतर पोरीला डिप्लोमाला घालायचं. नाही चालली, तर हा नाद सोडायचा, पुढचं शिक्षण बाप म्हणेल ते. हे तिने सरांना एकदाच सांगितलं होतं, तेही स्क्रू पिळता पिळता. सरांनी मात्र ते मनाशी घट्ट धरून ठेवलं. या पोरीला आपण पार पोचवायचीच, असं त्यांनी चर्चमध्ये गुडघे टेकून देवालाही बजावलं होतं.

सरांची शिकवण्याची रीत कारखान्याची. "आधी मशीन," ते म्हणायचे, "मग जेवण, मग आपण." मशीन बंद पडलं तर शेकडो माणसांचं काम अडतं, म्हणून चहाचा कप हातातून फेकून आधी मशिनीकडे धावायचं. पोरांनी त्याचं गाणं केलं होतं. मार्कला भूक लागली की एलिसा म्हणायची, "आधी मशीन रे बाबा!" सर खूश व्हायचे. आता तुम्हीच सांगा, शाळेच्या पोरांना शिकवायची ही गोष्ट होती का? पण तेव्हा कुणाच्याही मनात ते आलं नाही.

नाताळ तोंडावर आला असताना निवटीच्या बॅटरीचा चार्जर जळाला. वीज येते-जाते, त्यात एक दिवस धक्का बसला आणि गेला. नवा मागवला तर यायला आठवडा लागणार, आणि सराव तर एक दिवसही थांबवायचा नव्हता. सर रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून आपल्या वाडीत गेले आणि फवारणीच्या पंपाचा चार्जर घेऊन शाळेत आले. केळीवर औषध मारायचा तो पाठीवरचा बॅटरीचा पंप, गिरीज-भुईगावकडे घरोघर असतो. तोही बारा व्होल्टचा. पिन निवटीच्या बॅटरीत अशी बसली की जणू तिच्यासाठीच केली होती.

"सर," मनाली म्हणाली, "ही लिथियमची आहे. हिला वेगळा चार्जर लागतो ना? व्हिडिओत सांगत होते."

"व्हिडिओत लोक घरी विमानंसुद्धा बनवतात," सर म्हणाले. "बारा म्हणजे बारा, बाय. मी तुझ्या वयाचा होतो तेव्हापासून बॅटऱ्या चार्ज करतोय." त्यांनी बटण दाबलं आणि मॅडमकडे चहाला गेले.

पंपात असते ती शिशाची बॅटरी जास्तीचं प्यायली तरी सोसते. ही दुसऱ्या जातीची. मापापेक्षा थोडं जास्त झालं की फुगते, आणि फुगली की पेटते. सरांना हे ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. त्यांनी ते कुठेतरी वाचलं होतं आणि घाईत बाजूला सारलं होतं.

चहा संपायच्या आत मार्कची बोंब ऐकू आली. खोलीतून काळा, आंबूस धूर येत होता. मार्क आणि एलिसा बाहेर पळाले होते. मनालीही पळाली होती, पण दारातून परत फिरली. आधी मशीन! तिने निवटीला छातीशी धरून बाहेर आणली आणि व्हरांड्यात ठेवली, तेव्हा तिच्या उजव्या हाताच्या पंजाकडे बघवत नव्हतं. सरांनी तिला रिक्षात घातली. वाटभर पोरगी रडली नाही, फक्त विचारत राहिली, "सर, निवटीचा सर्किट बोर्ड वाचला का?"

बोर्ड वाचला होता. हाताचं डॉक्टरांनी स्पष्ट काही सांगितलं नाही. जखम भरेल, म्हणाले, पण दोन बोटं पूर्वीसारखी वळतील याची खात्री नाही.

दुसऱ्या दिवशी इझाबेल मॅडमनी सरांना ऑफिसात बोलावलं. सर मान खाली घालून गेले, सगळं सांगायचं ठरवून. मॅडमच आधी बोलल्या. "मनालीने कबूल केलंय, सर. चार्जर तिनेच लावला, तुम्हाला न विचारता. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. विश्वस्तांनाही मी तसंच कळवलंय."

 एक शब्द पुरे होता, "नाही." तो सरांच्या तोंडून निघाला नाही. काय वाटलं असेल? भीती वाटली, लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. उभ्या जन्माचं नाव त्या एका पिनेवर लटकलं होतं, आणि चौदा वर्षांच्या पोरीने ते अलगद उतरवून ठेवलं होतं. ते "बरं" म्हणाले आणि घरी आले.

नाताळ आला. येशूजन्माचा गोठा झाला, करंज्या झाल्या.  एका संध्याकाळी फादरपुढे पापनिवेदनाला जायला म्हणून सर चप्पल घालत होते, तेव्हा त्यांनी ग्रेसीबायला सगळं सांगितलं. ती जिथे होती तिथेच खाली बसली.

"आणि आता फादरला सांगून मोकळे होणार?" ती म्हणाली. "फादरचा हात भाजलेला नाही. ज्याचं पोर भाजलं त्याच्याकडे जा."

सकाळी सर खाडीकडे निघाले. बळीरामचं घर खाजणाच्या कडेला, अंगणातून बांध दिसायचा. मनाली ओट्यावर बसली होती, पंजा पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला. सरांना बघून ती उठली. बळीरामने धावत खुर्ची आणली, मनालीच्या आईने, रंभाने, चहा टाकला. आणि सरांनी तोंड उघडण्याआधीच त्या माणसाने हात जोडले.

"माफी करा, सर. पोरीनं तुमचं नुसकान केलं. तुमी जीव लावला आनि हिनं आगाऊपना केला."

"बळीरामभाऊ, तसं नाही..."

"आयका तर. मी तिला सोडलेली नाय." बळीरामने बांधाकडे बोट केलं. "आमच्या गावात पयल्यापासून एकच कायदा हाय. ज्याच्या हातानं बांध फुटला, त्यानं सोता चिखलात उतरून तो बुजवायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाय. नायतर खारं पानी सगल्यांच्या भातात शिरतं. मी बोललो हिला, रडू नको. पट्टी सुटली की शालेत जा, तुझी मशीन तू उभी कर, आनि पुन्याला नेऊन चालवून दाखव. त्याच्याशिवाय सुटका नाय."

सरांनी मनालीकडे पाहिलं. ती बापाच्या पाठीमागे उभी होती आणि मान हलवत होती. जरा डावीकडे, जरा उजवीकडे. नको. सरांना वाटलं, गुणी पोर आहे, मला सांभाळतेय. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आलं तसं तोंडून सगळं बाहेर पडलं.

"चार्जर मी लावला, भाऊ. तिने अडवलं होतं मला. मी ऐकलं नाही. तिने माझ्यासाठी स्वतःवर घेतलं आणि मी ते घेऊ दिलं."

रंभाच्या हातातला चहा तसाच राहिला. बळीरामने बांधाकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुमी लावला."

"हो."

"म्हंजे बांध तुमी फोडला."

"हो, भाऊ. काय शिक्षा द्यायची ती मला द्या. तिचा काहीच दोष नाही."

"तेच तर," बळीराम म्हणाला. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "दोष होता म्हनून पाठवत होतो. दोष नाय, तर कशाला यील ती? तुमचा बांध तुमी बुजवा. दुसऱ्यानं फोडलेल्या बांधापायी माजी पोर हात जालायला जानार नाय. आनि बापाशी खोटं बोलायला पन तिथंच शिकली ती."

"भाऊ, तिचा मोसम... ती डिप्लोमाला..."

"झाला मोसम." बळीरामने खुर्ची उचलून आत नेली. सर तेव्हा खुर्चीवर नव्हते, एवढंच नशीब.

सर फाटकाबाहेर आले.  मागून मनाली आली.

"सर, मी मान हलवली होती. दिसली नाही का?"

"दिसली."

"मग?"

आता कुठे सरांच्या ध्यानात आलं. तिने सगळं जमवून आणलं होतं. बापाचा राग, बापाचा कायदा, पुण्याची वाट, सगळं एका खोट्यात नीट बसवलं होतं. एवढी बारीक जुळणी त्यांनी तिला शिकवली नव्हती. आणि ती त्यांनी एका दमात उधळून दिली होती.

"मी बोलतो त्यांच्याशी परत," ते म्हणाले. "मॅडमना घेऊन येतो."

"बाबा एकदा बोलले की बोलले." ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "सर, एक विचारू? सांगून टाकल्यावर तुम्हाला बरं वाटलं ना?"

खोटं बोलायला हरकत नव्हती. या घराने खोट्यापायी पुष्कळ किंमत मोजली होती, अजून एक खपलं असतं. पण सरांना ते जमलं नाही.

"हो," ते म्हणाले.

मनालीने मान डोलवली. मग वळली आणि फाटक लावायला नेहमीसारखा उजवा हात पुढे केला. पट्टी कडीला लागली तशी कळवळली, आणि डाव्या हाताने फाटक ओढून घेतलं.