शब्दावर विकलेलं मशीन

मी कात्री बोलतेय. शिंप्याची, कापडाची कात्री. घरात दोरे आणि दुधाच्या पिशव्या कापणाऱ्या चिल्लर कात्र्यांशी माझी गल्लत करू नका.

माझे मालक मला कागदालाही लावू देत नसत, धार जाते म्हणून. एकदा त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, मला घेऊन औषधाचं पाकीट कापलं, तर मालक दिवसभर गाल फुगवून बसले होते.

त्याच काकूंच्या ऑपरेशनला क्रेडिट कार्ड वापरलं. काकू बऱ्या झाल्या, कर्ज मात्र वाढतच गेलं. दर महिन्याला भरलेलं सगळं व्याजातच गडप व्हायचं. मग वसुलीचे फोन सुरू झाले. माप घेताना फोन वाजला की मालक आकडा विसरायचे आणि पुन्हा टेप लावायचे.

शेवटी मालकांनीच धीर करून तडजोडीची गोष्ट काढली. बरीच घासाघीस झाली. निम्मी रक्कम एकरकमी भरा, उरलेलं माफ, असं वसुलीवाला म्हणाला. एवढे पैसे आणायचे कुठून? शिलाई मशीन विकायचं ठरलं.

"आधी लिहून घ्या," काकू म्हणाल्या.

"आपण कधी कुणाला लिहून दिलंय? लोक माझ्या शब्दावर कापड टाकून जातात. तोही शब्दच देतोय ना."

मशीन गेलं, पैसे भरले. त्या दिवशी मालकांनी मला उचललं आणि चक्क कार्डाचे दोन तुकडे केले. माझ्या पात्याला खाच पडली. पण मालक कितीतरी दिवसांनी हसत होते, म्हणून मी काही मनावर घेतलं नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा फोन. या वेळी एक बाई होती. अशी तडजोड कुठेच नोंदलेली नाही, म्हणाली. भरलेले पैसे थकबाकीत वळते झाले, बाकी उभीच आहे. तो वसुलीवाला नोकरी सोडून गेला होता. मालक मशीनच्या रिकाम्या जागेकडे बघत बसले. काकूंनी सुईत दोरा ओवला. 'मी सांगितलं होतं' म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता मालक कापतात, काकू हाताने शिवतात. हातशिलाईसाठी कोण थांबणार? गिऱ्हाइकं एकेक करून तुटली. मला वाईट वाटतं, पण कात्री काय करणार?

आज नव्या माणसाचा फोन आला. तोही गोड बोलणारा. "काका, थोडं तुम्ही भरा, थोडं आम्ही सोडतो. एकदाचं मिटवून टाकू."

मालकांची नजर दुकानभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. त्यांनी मला हातात घेतलं, अंगठ्याने धार पाहिली.

मालक, माझे फारसे पैसे येणार नाहीत. विका खुशाल. पण त्याआधी त्या माणसाकडून लिहून घ्या हो.